गोजिरा राक्षस बघायची रीत

जुना जपानी राक्षसपट, म्हणजे गॉडझिलासारख्या रबरी पोशाखातल्या राक्षसाचा पिक्चर, लावला आणि पाचव्या मिनिटाला घरातलं कुणीतरी म्हणालं, "अहो, आत माणूस आहे की!", तर त्याला गप्प बसवू नका. उलट सरकून पुढं जागा द्या. ज्याला आतला माणूस दिसतो, त्याच्यासाठीच हा खेळ आहे. ज्याला दिसत नाही तो बिचारा दीड तास खरा डायनासोर शोधत बसतो आणि शेवटी जांभई देत उठतो.

माझं सांगलीत गावभागात मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरची जळलेली मोटर येते, जुनी तार उचकटायची, नवी तांब्याची भरायची, व्हार्निश मारायचं, वाळवायचं आणि "आता तरी फेज गेल्यावर चालवू नका" असं सांगून परत द्यायची. हा झाला धंदा. पण श्रावण लागला की माझं अर्ध डोकं मंडळांकडं जातं. वीस-बावीस वर्षं मी गणपतीचे हलते देखावे केलेत. राक्षसाची मान फिरवायला गाडीच्या वायपरची मोटर, डोळ्यांत इंडिकेटरचे बल्ब, तोंडातून धूर यायला धुपाटणं आणि मागं टेबलफॅन. त्यामुळं हे पिक्चर मी प्रेक्षक म्हणून कमी आणि देखाव्याखाली पालथा पडून नटबोल्ट आवळणारा म्हणून जास्त बघतो. खाली सांगितलेली रीत तिथूनच आली आहे.

पहिली ओळख मिरजेत, मावशीच्या घरी झाली. तेव्हा रात्रभराच्या भाड्यानं व्हीसीआर आणायचे. दोन हिंदी पिक्चर घेतले म्हणून दुकानदारानं तिसरी कॅसेट फुकट घातली होती. तिच्यावर नाव नाही, नुसतं निळ्या पेनानं "जनावरांची फायटिंग" लिहिलेलं. पहाटे तीनला ती लावली. अर्धे झोपलेले, काका तेवढे जागे. काका तरुणपणी तालमीत जायचे, कान चेमटलेले. पडद्यावर दोन्ही हातांच्या जागी ड्रिल लावलेला एक भुंगा आणि समोर एक लठ्ठ सरडा. आणि तो सरडा अचानक लांबून शेपटीवर घसरत घसरत आला आणि दोन्ही पाय जोडून त्या भुंग्याच्या छाताडावर बसला. शेपटीवर! आख्खं मैदान पार करून!

काका ताडकन उठून बसले. म्हणाले, "ह्यो डाव कंच्या तालमीतला रं? परत लाव."

परत लावला. चार वेळा लावला. पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं की तो सरडा म्हणजे गॉडझिला, भुंगा म्हणजे मेगालॉन, आणि पिक्चर त्यांच्या झुंजीचा, १९७३ चा. आणि ती घसरण्याची लाथ करणाऱ्यांनाही एवढी आवडली असणार की त्यांनीच ती पिक्चरमध्ये दोनदा घातली आहे. काकांची फर्माईश जपानला आधीच पोचली होती म्हणायची.

सुरुवात कुठून करायची

लोक चूक इथंच करतात. "पहिल्यापासून बघू" म्हणून १९५४ चा पहिला पिक्चर लावतात. तो काळापांढरा, गंभीर आणि दुःखाचा आहे. हसायला बसलेल्या माणसाला त्यात हसू सापडत नाही, मग तो पुढचे बघतच नाही. पहिला पिक्चर नंतर. त्याचं वेगळं सांगतो.

सुरुवात १९६४ च्या "घिडोरा, द थ्री-हेडेड मॉन्स्टर" ह्या पिक्चरनं करा. अंतराळातून एक दगड पडतो, त्यातून तीन मुंडक्यांचा, दोन शेपट्यांचा सोनेरी राक्षस निघतो. त्यानं म्हणे शुक्रावरचं सगळं राज्य आधीच धुळीला मिळवलंय. इंग्रजीत डब केलेल्या प्रतीत तो शुक्राचा मंगळ झालाय. तेव्हा जमलं तर जपानी आवाजातलीच प्रत घ्या. इंग्रजी डबिंग ऐकायला मजा येते, पण ती मजा दुसऱ्याच्या चुकीला हसण्याची आहे आणि ती अर्ध्या तासात शिळी होते.

खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती घरातल्या एकानं मोठ्यानं मराठीत सांगायची. आमच्याकडं ते काम आधी थोरल्या पुतणीकडं होतं. मग आईनं ते काढून घेतलं. आईला इंग्रजी येत नाही, पण तिचं काही अडत नाही.

ह्या पिक्चरमध्ये एक प्रसंग आहे, तो आला की चहा ठेवायलासुद्धा कुणी उठायचं नाही. गॉडझिला आणि रोडान, म्हणजे तो उडणारा, एकमेकांवर दगड भिरकावत बसलेत. तिकडं घिडोरा गावं जाळतोय. मग मोथ्रा येते. मोथ्रा म्हणजे खरं तर भलं मोठं फुलपाखरू, पण इथं ती अजून अळी आहे, रेशमाच्या किड्यासारखी. ती सरपटत येते आणि दोघांना समजावते की भांडण मिटवा, तिघं मिळून त्या परक्याला हाकलू. तिघं नुसते चित्कारतात. आणि बाजूला उभ्या असलेल्या वीतभर उंचीच्या दोन जुळ्या बहिणी माणसांना त्याचं भाषांतर करून सांगतात! गॉडझिला म्हणतो, आमचा काय संबंध, माणसं नेहमी आम्हालाच त्रास देतात. रोडान त्याला दुजोरा देतो. मध्येच त्या बहिणी लाजून म्हणतात, अगबाई, काय ही गॉडझिलाची भाषा!

आईनं हा प्रसंग पहिल्यांदा बघितला तेव्हा पुतणी अक्षरं वाचत होती. आईनं तिला हातानं थांबवलं.

"कळलं मला. भावकी आहे ही. ती आळी म्हणतीया, दादा, बांध नंतर कोरा, आधी घराची आग विझवा. आणि हा लठ्ठ्या काय म्हणतोय माहितीये? माझ्या पोरीच्या लग्नात हा मांडवाला हात लावायला आला नव्हता."

मी विचारलं, "आणि तो उडणारा?"

"तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून मान हलवतोय. तसला एक असतोच."

दोघं ऐकत नाहीत. मग ती अळी एकटीच घिडोऱ्याकडं सरपटत निघते, मार खाते, तेव्हा कुठं ह्या दोघांना लाज वाटते आणि ते मागून येतात. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. रबराच्या अळीसाठी. मी स्वतः बघितलंय.

आईनंच आणखी एक गोष्ट काढली. त्यातली माणसं मूळ जपानी आवाजात त्याला "गोजिरा" म्हणून हाक मारतात. गोरिलाला जपानीत गोरिरा आणि देवमाशाला कुजिरा, दोन्ही जोडून गोजिरा. आई म्हणाली, "एवढा काय गोजिरा नाही, पण नाव ठेवणाऱ्याचं लेकरू असंल." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव गोजिराच. मीही आता तेच म्हणतो.

डोळे कुठं ठेवायचे

मुंडक्याकडं बघू नका. मुंडकं दाखवायलाच केलेलं असतं. पायांकडं बघा.

१९५४ ते १९७२, सलग बारा पिक्चरमध्ये गोजिराच्या आत हारुओ नाकाजिमा नावाचा माणूस होता. पहिला पोशाख जवळपास शंभर किलोचा होता आणि इतका ताठ, की त्यात धड चालता येईना. शेवटी त्याचे दोन तुकडे करून वापरले आणि हलका दुसरा केला. वर स्टुडिओचे दिवे तापलेले. आतून घाम निथळायचा. चालायचं कसं ते शिकायला हा माणूस टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघत बसायचा. हे कळल्यावर पुन्हा बघा. पाऊल टाकताना आधी अंगाचा भार एका बाजूला जातो, मग दुसरा पाय घासत पुढं येतो. हत्तीच तो.

आमच्या एका देखाव्यात बकासुर होता. खांद्यापासून हात हलायचा, गाड्यावरचा भात उचलून तोंडाशी न्यायचा. दुसऱ्या रात्री क्रँकचा पिन सरकला आणि बकासुर समोरच्या भीमाच्या कानफटात द्यायला लागला. दर चार सेकंदाला एक, न चुकता. मी खाली घुसून मोटर बंद करेपर्यंत मंडपात हा गोंधळ. लोक वाजवायला लागले. दुसऱ्या दिवशी दुप्पट गर्दी, आणि कार्यकर्ते मला म्हणतात, "तो पिन तसाच राहू द्या की." बकासुर कापडाचा आहे, आत लोखंडी पट्टी आहे, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर मजा आली.

तर पाय झाले. दुसरं म्हणजे तारा शोधायच्या. घिडोऱ्याची तिन्ही मुंडकी आणि शेपट्या वरून तारांनी ओढून नाचवलेल्या आहेत, कळसूत्री बाहुलीसारख्या. आत माणूस वेगळा, वर ओढणारे वेगळे. तीन माना तीन दिशांना जाताना वरच्या माणसांचं एकमेकांत काय बोलणं होत असेल, ह्याचा मी फार विचार करतो. आमच्याकडं दोनच दोऱ्या असल्या तरी शिवीगाळ होते.

तिसरं, पाणी. सगळं लहान करता येतं, इमारत, आगगाडी, रणगाडा. पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. समुद्रातून गोजिरा वर येतो तेव्हा अंगावरून ओघळणारे थेंब बघा, मुठीएवढे दिसतात. आगीचंही तसंच, ज्वाला नेहमी स्टोव्हच्या मापाची. हे एकदा कळलं की प्रत्येक पिक्चरमध्ये तेच शोधावंसं वाटतं.

आणि माझ्या धंद्यातलं एक. पहिल्या पिक्चरमध्ये लष्कर टोकियोभोवती विजेच्या तारांचं कुंपण घालतं, पन्नास हजार व्होल्टचं. मला तिथं हसू येतं. आपल्या शिवारावरून जाणाऱ्या मोठ्या लाइनी एक लाख बत्तीस हजाराच्या असतात आणि त्यांच्या मनोऱ्याला लोक म्हैस बांधतात. पण गोजिरा श्वास सोडतो आणि ते मनोरे लाल होऊन मेणासारखे वाकतात, तिथं हसू थांबतं. मेणासारखे का, तर ते मेणाचेच होते. मेणाचे मनोरे करून दिव्यांच्या उष्णतेनं वितळवले. मला कुणी "वितळणारा मनोरा करा" म्हटलं असतं तर मी आठ दिवस शिसं आणि बिडाचा हिशेब करत बसलो असतो.

घरातल्या लहानांसाठी गामेरा

गोजिरा तोहो कंपनीचा. त्याचं चालतंय म्हटल्यावर १९६५ मध्ये दाइएई कंपनीनं कासव काढलं, गामेरा. आपल्या देवळात शिरताना गाभाऱ्यापुढं दगडी कासव असतं ना, तसलं. फक्त हे पाय आत ओढून घेतं, त्या भोकांतून जाळ सोडतं आणि भुईचक्रासारखं गरगरत आभाळात जातं. भुईचक्र म्हटलं की पोरांना पुढचं काही सांगावं लागत नाही.

१९६९ च्या पिक्चरमध्ये समोर गिरॉन आहे. त्याचं आख्खं डोकं म्हणजे सुरी. खांडोळी करणं हे त्याचं काम आणि ते तो एका पक्ष्यावर करून दाखवतो, काकडीच्या चकत्या कराव्यात तसं. लहान पोरं घाबरतील वाटत असेल तर घाबरू नका, ती खिदळतात, घाबरतो आपण. त्याच पिक्चरमध्ये गामेरा एका आडव्या दांडीला लटकून गिरक्या घेतो. लढाईच्या मध्यात. काहीही गरज नसताना. माझ्या भाच्यानं त्या दिवसापासून मल्लखांबाच्या वर्गाला जायला कुरकुर केली नाही, एवढा तरी त्या कासवाचा उपकार.

मोथ्रा आणि राजा काँग, थोडक्यात

१९६१ चा मोथ्राचा पिक्चर रंगासाठी आणि गाण्यासाठी बघा. ती अळी टोकियो टॉवरला कोश विणते. त्या वीतभर बहिणी म्हणजे खऱ्याच जुळ्या गायिका, "द पीनट्स" नावाची जोडी. त्या मोथ्राला आळवणारं गाणं म्हणतात, ते जपानीत नाहीच, मलाय-इंडोनेशियन बोलीत आहे. कान देऊन ऐका, त्यात "कसक्तियान" असा शब्द येतो. त्याच्या पोटात आपली "शक्ती" बसली आहे. अळीची आरतीच म्हणा ना.

१९६२ ला गोजिराची किंग काँगशी गाठ पडली. एका औषध कंपनीच्या जाहिरात खात्यातला साहेब टीव्हीवरचा कार्यक्रम चालावा म्हणून राक्षस आणायला माणसं धाडतो, इथून गोष्ट सुरू होते. म्हणजे पिक्चर अर्धा टिंगलीचाच आहे. काँग गोजिराच्या तोंडात आख्खं झाड कोंबतो, तो क्षण चुकवू नका. आणि कुणी तुम्हाला छातीठोक सांगेल की जपानात गोजिरा जिंकतो आणि अमेरिकेत काँग, तर पैज लावा आणि भडंगाचे पैसे वसूल करा. ती नुसती आवई आहे. दोन्हीकडं शेवट एकच, दोघं समुद्रात पडतात आणि काँग पोहत घरी जातो.

भडंगावरून आठवलं, खायला भडंगच ठेवा. लसूण जास्त. वेफर्सच्या पिशव्या कुरकुरतात आणि शांत जागी नेमक्या कुरकुरतात.

आता तो पहिला

सगळ्यांबरोबर नको. एकट्यानं, रात्री. लांबी बघून घ्या, ९६ मिनिटांचा पाहिजे. ८० मिनिटांचा असला तर तो १९५६ चा अमेरिकी अवतार, त्यात एक अमेरिकी बातमीदार मध्ये घुसवलाय आणि बरंच काही कापलंय.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जवळपास एक जपानी मासेमारी नौका होती, नाव "भाग्यशाली ड्रॅगन क्रमांक ५". तेवीस खलाशी. पांढरी राख अंगावर पडली. त्यातला एक, रेडिओ चालवणारा, सप्टेंबरात गेला. आणि ३ नोव्हेंबर १९५४ ला हा पिक्चर लागला, ज्याची सुरुवातच समुद्रात एका बोटीवर झगझगीत उजेड पडण्यानं होते. बघणाऱ्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैन्यातून परतताना हिरोशिमाची राखरांगोळी बघून आलेला माणूस.

मी हा पिक्चर आधी दोनदा बघितला होता, तारा आणि पाय शोधत. तिसऱ्यांदा बघितला तो २०१९ च्या पुरानंतर. त्या ऑगस्टात कृष्णा दुकानात शिरली. छातीच्या वरपर्यंत पाणी. चाळीसेक गिऱ्हाइकांच्या मोटरी चिखलात. आम्ही माळ्यावर, मग एका शाळेत, आठ दिवस. घरी परतल्यावर झोप लागत नव्हती म्हणून एका रात्री लावला. त्यात एक प्रसंग आहे, शहर पेटलंय आणि एक बाई दोन-तीन लेकरांना कवटाळून भिंतीशी बसली आहे. ती त्यांना सांगते, आता आपण बाबांकडं जाणार हं. एवढंच. पुढं दवाखान्याच्या व्हरांड्यात जमिनीवर ओळीनं माणसं. शाळेतल्या सतरंज्या मला दिसल्या. त्या रात्री तारा शोधल्या नाहीत.

ह्या पिक्चरनंतर मधले हसरे परत बघा. त्याच राक्षसाला दहा-पंधरा वर्षांत त्यांनी पोराबाळांत खेळायला आणला. १९६७ ला त्याला लेकरू दिलं, ते जाळ सोडायला जातं आणि तोंडातून धुराची गोल कडी निघते. बाप शेपटीवर पाय देतो, तेव्हा कुठं जाळ येतो. १९७१ ला त्याला सांडपाण्याच्या आणि धुराच्या राक्षसाशी लढवला आणि त्यात तो तोंडानं जाळ सोडत उलटा उडाला. शेपूट पोटाशी धरून, पाठ पुढं करून. नदीला मेलेले मासे लागले की मला तो पिक्चर आठवतो, आणि मासे आठवले की ते उडणं आठवतं. काय करणार.

घरी एक रस्ता पाडून बघा

हे केल्याशिवाय ह्या लोकांची किंमत कळत नाही. सुट्टीचा एक दिवस जातो, खर्च फारसा नाही.

आधी गणित. पहिल्या पिक्चरमधलं शहर पंचवीसपटीनं लहान केलं होतं. गोजिरा पन्नास मीटरचा, तर पोशाख दोन मीटरचा, हिशेब बसतो. आता पंचेचाळीस मीटरच्या गच्चीवरून वीट पडली तर जमिनीला लागायला तीन सेकंद लागतात. पंचवीसपट लहान गच्ची एक मीटर ऐंशीची. तिथून वीट पडायला सहा दशांश सेकंद. म्हणजे पाचपट लवकर. पंचवीसचं वर्गमूळ पाच, ते हेच. म्हणून चित्रण पाचपट वेगानं करायचं आणि नेहमीच्या वेगानं दाखवायचं. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांचा, पाचपट म्हणजे १२०. तुमच्या मोबाइलात स्लो मोशनला १२० चा आकडा असतो की नाही बघा. असतो. एइजी त्सुबुराया, म्हणजे ह्या सगळ्या करामतींचा वस्ताद, वेगानं चित्रण करून राक्षसाला वजन द्यायचा. तेच आता खिशात आहे.

इमारतींना थर्माकोल नको. तो फुटत नाही, उडी मारतो. पीओपीची पातळ लादी ओता, वाळली की मागच्या बाजूनं हॅक्सॉ ब्लेडनं अर्ध्यापर्यंत चिरा द्या. पुढून अखंड दिसते, हात लागला की तुकडे. धुरळ्यासाठी रांगोळी घेऊ नका, ती वाळूसारखी बदकन खाली बसते. शंखजिरं घ्या, ते हवेत तरंगतं. इमारतीच्या आत मूठभर भरून ठेवायचं.

मोबाइल जमिनीवर, विटेला टेकून. उभ्यानं चित्रण केलंत की सगळं खेळणं दिसतं. आणि काम उन्हात करा, ट्यूबलाइटखाली नको. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, दिवा शंभर वेळा मिणमिणतो. डोळ्याला दिसत नाही, १२० च्या चित्रणात लखलखाट दिसतो. पहिला आख्खा प्रयत्न माझा ह्याच्यात गेला, तोही वीजवाला असून.

राक्षस म्हणून आम्ही पुतण्याला गादीच्या फोममध्ये शिवला. शेपूट ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची, आत भुसा. शेपटीला दोरी बांधून वर बांबूवरून एकानं धरायला पाहिजे, हे मला माहीत होतं. मी स्वतःच धरली होती. गच्चीवर सांगलीचा हरभट रोड मांडला, अकरा इमारती, चार दिवसांचं काम. मोबाइल लावायला मी खाली वाकलो, दोरी सुटली आणि पुतण्या "काका, सुरू करू का?" म्हणून मागं वळला.

अकराच्या अकरा.

चित्रण सुरू नव्हतं. शंखजिऱ्याचा ढग मात्र फार सुंदर उठला होता.

आरोळी

गोजिराचा आवाज कुठल्या जनावराचा नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे ह्यांनी एक डबल बास घेतलं, म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन. त्याच्या तारा ढिल्या केल्या आणि राळ लावलेला चामडी हातमोजा त्या तारांवरून लांबीच्या दिशेनं ओढला. मग ते ध्वनिमुद्रण हळू करून वाजवलं.

राळ हा शब्द वाचला आणि मी दुकानात बसल्या जागी हसलो. तारांना सोल्डरिंगचा डाग द्यायला आम्ही रोज राळ वापरतो, डबीत पडलेलीच असते. पण हसलो ते वेगळ्या कारणानं. १८४३ साली ह्याच सांगलीत, पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी "सीतास्वयंवर" नाटक उभं केलं. त्या काळच्या नाटकात राक्षस यायचा तो तोंड रंगवून, "अललल डुर्रर्र" अशी आरोळी ठोकत, आणि मशालीवर राळ फेकून भपकन जाळ उडवायचे. आरोळी, राळ आणि जाळ. टोकियोवाल्यांनी जागा तेवढ्या बदलल्या. भाव्यांचा दिवस, म्हणजे मराठी रंगभूमी दिन, आपण ५ नोव्हेंबरला करतो, गोजिराचा ३ नोव्हेंबरला. तारखेत दोन दिवस, सालात १११ वर्षं. दर वर्षी त्या आठवड्यात मी गच्चीवर चादर लावतो, ती म्हणूनच.

आरोळी घरी जमते. मिरजेत सतारमेकर गल्लीत माझा एक मित्र आहे, त्याच्याकडं भोपळा तडकलेला एक तंबोरा पडून होता. खर्जाची तार ढिली केली. वेल्डिंगचा चामडी हातमोजा घेतला, राळ कुटून वस्त्रगाळ केली आणि तळव्याला चोळली. तार चिमटीत धरून वरून खाली सावकाश ओढायची, दाब एकसारखा. पहिल्या खेपेला अडलेल्या म्हशीसारखा आवाज आला. मित्राचे वडील बाहेर आले, तंबोऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, काही न बोलता आत गेले. हातमोजा थोडा गरम करून परत ओढला. मोबाइलवर टिपून अर्ध्या वेगानं लावला.

गल्लीतली सगळी कुत्री उठली. आतून म्हातारबांचा आवाज आला, "आता लागला!"

नवा, वाजता तंबोरा मात्र ह्यासाठी घेऊ नका, राळ तारेत बसली की सूर जातो. आणि हाताला चिकटलेली राळ साबणानं निघत नाही, उगाच घासत बसू नका. आधी खोबरेल चोळा, कापडानं पुसा, मग साबण.